अपघाताचा कर्ता कोण ?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज एक लहानसा मजकूर असतो. त्याची भाषा ठरून गेलेली आहे. भरधाव वाहनाने अमुक वयाच्या इसमास धडक दिली. इसम जागीच मरण पावला. चालकाविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला असून पुढील तपास चालू आहे. हा मजकूर वाचून आपण पान उलटतो. मृत मनुष्य ओळखीचा असला तर त्याच्या घरी भेटीस जातो, आणि तेथे जमलेली वडील माणसे जे बोलतात तेही असेच ठरलेले असते: वेळ आली होती, दुसरे काय! पोलिसांच्या दृष्टीने कर्ता चालक, आणि घरच्यांच्या दृष्टीने कर्ते दैव. या दोन निर्णयांखेरीज तिसरे काही बोलण्याजोगे आहे की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते ते आहे. किंबहुना जे बोलावयास हवे ते या दोहोंच्या मध्येच कोठे तरी पडून राहिले आहे.

प्रथम दैवाचा विचार करू. 'अपघात' या शब्दाची घडण पाहिली तर तीत 'घात' आहे, 'अकस्मात' नाही. अकस्मातपणाची छटा त्यावर आपण मागाहून चढविली आहे. दैवाची ख्याती अशी की, ते कोठे, केव्हा आणि कोणावर कोसळेल याचा नेम नाही. परंतु ज्याला आपण अपघात म्हणतो त्याचा नेम फार चांगला असतो. २०२२ साली हिंदुस्थानातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे दररोज सरासरीने साडेचारशेंहून अधिक. त्यांत महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ होता. पुढील साली देशाचा आकडा १ लक्ष ७२ हजारांवर गेला. ज्या गोष्टीचा पुढील वर्षाचा अंदाज चालू वर्षावरून इतका जवळून बांधता येतो, ती गोष्ट पावसापेक्षाही नेमाने येणारी म्हटली पाहिजे. केत्ले नावाचा बेल्जियन गणिती गेल्याच्या मागील शतकात होऊन गेला. दरवर्षी गुन्ह्यांची संख्या जवळजवळ तीच भरते असे पाहून त्याने असे प्रतिपादन केले की, गुन्ह्याची पूर्वतयारी समाज करून ठेवतो आणि गुन्हेगार केवळ ती पार पाडतो. त्याचे हे मत त्या काळी पुष्कळांना धार्ष्ट्याचे वाटले. आमच्या रस्त्यांविषयी ते आज फारसे धार्ष्ट्याचे वाटू नये. कारण आमचे सरकारच ठिकठिकाणी 'अपघातप्रवण क्षेत्र' अशी पाटी रोवते. येथे माणसे मरत आली आहेत आणि पुढेही मरतील, हे ज्याला आगाऊ ठाऊक आहे व रंगवून लिहिताही येते, त्याने त्या मरणास आकस्मिक म्हणणे हा भाषेचा विपर्यास आहे.

आता चालकाचा विचार. येथे आम्हांस एका जुन्या वचनाचे साहाय्य घ्यावेसे वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ आपणांसच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असेही लगेच पुढे म्हटले आहे. आचार्यांनी तेथे अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे. आम्ही मात्र अधिष्ठान म्हणजे ज्यावर कर्म घडते ती आधारभूमी, असा साधा अर्थ घेतो. अध्यात्मातील वचन हमरस्त्यावर आणून उभे केले म्हणून शास्त्री मंडळींनी रागावू नये. हमरस्त्यावरही कर्मच घडत असते.

या पाचांची यादी घेऊन मुंबईच्या एखाद्या मोठ्या रस्त्यावर उभे राहा. अधिष्ठान म्हणजे तो रस्ता: त्याची रुंदी, त्याचे वळण, त्यावरील दिव्यांचा उजेड, पदपथ असल्यास पदपथ आणि नसल्यास त्याचा अभाव. कर्ता म्हणजे चालक. करणे म्हणजे वाहन, त्याचे ब्रेक, त्याचे वजन. चेष्टा म्हणजे त्या क्षणी त्या जागी चाललेल्या सर्वांच्या हालचाली: रिक्षा वळते आहे, कोणी बसमागे धावतो आहे, फेरीवाला गाडी ढकलतो आहे. आणि दैव. आता वर्तमानपत्रातील तो मजकूर पुन्हा वाचावा. पाचांपैकी दुसरे कारण पोलिसांनी उचलले, पाचवे घरच्यांनी उचलले. पहिले, तिसरे व चौथे तेथेच रस्त्यावर राहिले. २०२२ च्या सरकारी अहवालात दहांपैकी सात मृत्यूंच्या समोर 'अतिवेग' हे कारण मांडलेले आहे. अतिवेग खरा असेलही. परंतु वेग करण्याजोगा रस्ता कोणी बांधला, हा प्रश्न त्या रकान्यात मावत नाही.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेस बेस्टच्या मार्गावर धावणारी एक विजेची बस बाजाराच्या गर्दीत घुसली. सातांहून अधिक जीव गेले, कित्येक जखमी झाले, वाटेतील वाहनांचा चुराडा झाला. चालकास अटक झाली. त्याचा दोष किती हे न्यायालय ठरवील आणि त्याविषयी येथे काही लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु त्या वेळी जी हकीगत प्रसिद्ध झाली तीत असे होते की, बस कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेली होती. चालकाचा पूर्वीचा सराव हाताने गिअर बदलण्याच्या लहान गाड्यांचा होता. आणि ही लांबलचक, आपोआप गिअर बदलणारी गाडी थोड्याच दिवसांच्या शिक्षणानंतर त्याच्या हाती आली होती. ही हकीगत न्यायालयात कितपत टिकेल ते टिको. आमचा प्रश्न तत्त्वाचा आहे: अकुशल सारथी गाडीवर बसला असता घात झाल्यास दंड कोणास करावा ?

हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे स्पष्ट उत्तर आहे. त्या ग्रंथातील वर्णविषमता आम्हांस सर्वथा अमान्य आहे, आणि १९२७ साली महाडास तो जाळला गेला त्यामागील संताप आम्ही न्याय्य समजतो. पण जुन्या अडगळीत कधी एखादे चोख माप सापडते, तसा हा भाग आहे. सारथ्याच्या उणेपणामुळे गाडी भलतीकडे वळून हिंसा झाली तर दोनशे पणांचा दंड मालकास. सारथी कुशल असेल तर दंड सारथ्यास. आणि सारथी अकुशल असेल तर गाडीत बसलेल्या सर्वांस प्रत्येकी शंभर पण! शेवटचा नियम वाचून आमच्या वर्गातील विद्यार्थी हसले. प्रवाशांनी काय केले होते ? त्यांनी इतकेच केले होते की, अनाडी माणसाच्या हाती दोर आहेत हे पाहूनही ते वर चढले होते. बसच्या उतारूस आज हा नियम लावणे अन्यायाचे होईल, कारण चालक कोण व कसा हे पाहण्याची संधी त्याला कोठे असते ? पण मालकाविषयीच्या नियमास तशी काही हरकत दिसत नाही. आमच्याकडे मात्र मालकाची गाठ विमा कंपनीशी घालून दिलेली आहे, आणि मालकाला भरपाईचे पैसे द्यावे लागणे व त्याला दंड होणे या नीतीच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याच प्रकरणात सारथ्यास दंड माफ होण्याचे दहा प्रसंग दिले आहेत. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले, हे समजण्यासारखे आहे. शेवटचा प्रसंग असा की, सारथ्याने 'दूर हो' असे ओरडून सांगितले होते. हा एकच नियम आम्ही अक्षरशः पाळीत आलो! मुंबईच्या रस्त्यावर हॉर्न म्हणजे केवळ सूचना नव्हे. तो दायित्वाचा निरोप आहे. मी वाजविला, आता पुढचे तुझे तू पाहा. ट्रकांच्या पाठीवर हॉर्न वाजविण्याचे जे निमंत्रण लिहिलेले असे, ते लिहिण्यास २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने मनाई केली. अक्षरे पुष्कळ ठिकाणी पुसली गेली. हॉर्न वाजला की माणसाने बाजूस झालेच पाहिजे, हा समज पुसला गेला नाही. ओरडणाऱ्याला माफी देणारा हा नियम बहिऱ्या माणसाचे, लहान मुलाचे आणि गुडघे धरलेल्या म्हातारीचे काय करतो, हे स्मृतिकारांनीही सांगितलेले नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो लहान नाही. वर्गात हा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, दोष सर्वांचा म्हटले की तो कोणाचाच राहत नाही. दारू पिऊन गाडी हाकणारासुद्धा उद्या म्हणेल, रस्ता वाईट होता." आक्षेप योग्य ठिकाणी आहे. आजकाल 'व्यवस्थेचा दोष' हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की, व्यवस्थेवर बोट दाखविणे म्हणजे स्वतःची सुटका करून घेणे असाच त्याचा अर्थ होऊ पाहत आहे. परंतु या आक्षेपाच्या मुळाशी एक चुकीचे चित्र आहे. दोष म्हणजे वडिलोपार्जित जमीन, वाटेकरी वाढला की प्रत्येकाचा तुकडा लहान व्हावयाचा, असे ते चित्र. दायित्व तसे वाटले जात नाही. गावातील विहिरीला कठडा नाही आणि ज्याच्याकडे मूल सांभाळावयास दिले होते तो गप्पा मारीत बसला. मूल विहिरीत पडले. सांभाळणाऱ्याचा अपराध पूर्ण आहे. कठडा न बांधणाऱ्या पंचांचाही पूर्ण आहे. एकाचा अपराध दाखवून दुसऱ्याचा एक कवडीनेही कमी होत नाही. आणि पुढील पोर वाचवावयाचे असेल तर सांभाळणाऱ्यास बदडून काढण्यापेक्षा कठडा बांधणे अधिक उपयोगाचे, हे कोणताही शहाणा गावकरी सांगेल. तो सांभाळणाऱ्यास बोल लावील आणि दुसऱ्या दिवशी गवंड्यास बोलावील. आपण बोल लावतो आणि तेवढ्यावर थांबतो. शिक्षा कोणास द्यावी हा एक प्रश्न, आणि हे पुन्हा घडू नये हे काम कोणाचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे समजणे, हीच आमच्या तपासाची मुख्य खोड आहे.

कठड्याच्या दृष्टांताला प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर तो मुंबईहून पुण्यास जाताना मिळतो. जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट इंग्रज इंजिनिअरांना ज्या धनगराने दाखविली असे सांगतात, त्याचे ते स्थान. जाता येता गाडीवान तेथे नाणे टाकतात. ही श्रद्धा आम्हांस हसण्याजोगी वाटत नाही; वाट दाखविणाऱ्याची आठवण ठेवणारी माणसे आमच्यात फार थोडी आहेत. पुढे २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि नाणे टाकण्यास थांबण्याचे कारण उरले नाही. त्या मार्गाने मराठी रंगभूमीकडून किती घेतले ते वाचकांना सांगावयास नको: त्याचे काम पुरे होण्यापूर्वीच, २००१ साली, भक्ती बर्वे तेथे गेल्या, २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे गेले. या दुसऱ्या प्रसंगी समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या मोटारीवर आला. येथे कर्ता कोण म्हणाल ? टेम्पो हाकणारा, हे उघड आहे. परंतु शंभर किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या दोन प्रवाहांच्या मध्ये, भरकटलेले वाहन अडवू शकेल असे काही त्या जागी नव्हते, हेही तितकेच उघड आहे. ज्यांची नावे कोणी छापीत नाही असे त्या मार्गावर एका २०१६ साली १५१ जण मेले.

त्याच साली रस्त्याची मालकी असलेले महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून त्या मार्गाची एक एक जागा तपासण्यास आरंभ केला. कोणते खांब उघडे आहेत, कोणत्या कठड्याचे टोक भाल्यासारखे वाहनाच्या रोखाने आले आहे, दुभाजक कोठून ओलांडता येतो, बंद पडलेले ट्रक कोठे उभे राहतात, जखमी माणसास रुग्णालयात न्यावयास किती वेळ लागतो. मग कठडे बसले, दुभाजकात तारेचे दोर ताणले गेले, पोलिसांची देखरेखही वाढली. २०१९ साली मृतांचा आकडा ९२ होता. आता कोणी असे म्हणणार नाही की, त्या तीन वर्षांत महाराष्ट्रातील चालकांचे शील एक तृतीयांशाने सुधारले! माणसे तीच, उतावीळपणा तोच, पेंगही तीच. बदलले ते मुख्यतः अधिष्ठान. तेव्हा १५१ आणि ९२ यांच्यामध्ये जी एकोणसाठ माणसे आहेत, ती पूर्वी दैवाने नेली होती की चालकांनी मारली होती ? कठडा बांधता येत असून न बांधणे हेच त्यांच्या मरणाचे एक कारण होते, असे म्हणण्यावाचून आम्हांस गत्यंतर दिसत नाही. ब्याण्णव हाही काही समाधानाचा आकडा नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

स्वीडन देशाच्या कायदेमंडळाने १९९७ साली हेच तत्त्व राष्ट्राचे धोरण म्हणून स्वीकारले: माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची किंमत प्राणाने घेतली जाणार नाही असे रस्ते बांधणे हे राज्याचे काम, आणि मृत्यूंचे अंतिम उद्दिष्ट शून्य. त्या वर्षी तेथे पाचशेंहून अधिक माणसे रस्त्यावर मेली होती. अलीकडे हा आकडा दोनशे ते सव्वादोनशेच्या घरात असतो. शून्य हा आकडा अव्यवहार्य आहे असे पुष्कळ व्यवहारी लोक म्हणतात. त्यांनी आपला आकडा सांगावा. खुद्द मुंबई शहरात २०१५ साली सुमारे सहाशे माणसे रस्त्यांवर मेली, आणि २०२२ साली चारशेच्या आत. म्हणजे पूर्वीचा आकडा विधिलिखित नव्हता, एवढे तरी सिद्ध झाले.

परंतु द्रुतगती मार्गावर सगळेच गाडीत बसलेले असतात. शहरातील प्रश्न अधिक कठीण आहे, कारण तेथे एक गाडीत असतो आणि दुसरा पायी. आमच्या मते या विषयातील खरा नैतिक पेच येथेच आहे. मुंबईत रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा पादचाऱ्यांचा व दुचाकीवाल्यांचा. मोटारीच्या आत बसून मरणारे थोडे. आमच्या विद्यार्थ्यांनी आपण होऊन एक लहानसा प्रयोग केला. महाविद्यालयापासून जवळच सहा पदरी रस्त्याचा एक चौक आहे. तेथे पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ राहतो ते त्यांनी घड्याळ लावून पाहिले: चौदा सेकंद. मग स्वतः चालून पाहिले. भरभर चालणाऱ्या मुलास पंधरा सेकंद लागले. त्यांच्यापैकी एकीच्या आजी त्याच रस्त्याने रोज देवळात जातात. त्यांना एकतीस लागले. म्हणजे आजीबाई रोज अर्ध्या रस्त्यात, वीतभर रुंदीच्या दुभाजकावर, दोन्ही बाजूंनी वाहने धावत असता, दिव्याच्या पुढील फेऱ्याची वाट पाहत उभ्या राहतात. एखाद्या दिवशी त्यांचा तोल गेला तर वर्तमानपत्रात काय छापून येईल ते आरंभी दिलेच आहे. कदाचित त्यात 'रस्ता ओलांडण्याच्या प्रयत्नात' एवढे शब्द अधिक असतील, जणू काही रस्ता ओलांडणे हा एखादा धाडसी प्रयत्न होता!

हे चौदा सेकंद कोणी तरी ठरविले आहेत. त्याने ते दुष्टपणाने ठरविले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याच्यापुढे बहुधा असा हिशेब असेल की, चौकातून तासाला इतकी हजार वाहने जातात. पादचाऱ्यांना आणखी वीस सेकंद दिले तर प्रत्येक वाहनाचा थोडा वेळ जाईल. त्याची बेरीज प्रचंड होते. उलट बाजूस काय आहे? काही थोड्या माणसांची गैरसोय, आणि क्वचित एखादा मृत्यू. बेंथॅमच्या पंथाचा हा हिशेब आहे आणि त्याची बेरीज-वजाबाकी बरोबरही असू शकेल. त्यातील दोष बेरजेच्या आधीचा आहे. ज्यांचा वेळ वाचतो ते आणि ज्यांचा जीव टांगणीस लागतो ते, ही एकच माणसे नव्हेत. एकाच माणसाने आपल्या वेळासाठी आपला जीव धोक्यात घातला तर ते धाडस म्हणता येईल, अविचार म्हणता येईल. तो त्याचा प्रश्न. पण एकाच्या मिनिटाचे मोल दुसऱ्याच्या जिवातून वळते करून घ्यावयाचे, आणि तेही त्या दुसऱ्यास न विचारता, याला हिशेबाच्या वहीत कोणते खाते आहे ? मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवू नये असे कांटने सांगितले. चौकातील ती आजीबाई साधनसुद्धा नाहीत. वाहतूक पुढे नेण्यात त्यांचा काहीच उपयोग नाही. हिशेबात त्या 'अडथळा' या सदराखाली येतात.

या सदराचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मुंबईतील आकाशमार्ग, ज्यांस सामान्य लोक 'स्कायवॉक' म्हणतात. पहिला २००८ साली वांद्रे येथे पूर्वेस उभा राहिला आणि नंतर महानगर प्रदेशात त्यांची माळ लागली. काही ठिकाणी, विशेषतः गर्दीच्या स्थानकांबाहेर, ते उपयोगी आहेत हे नाकारता येत नाही. पण त्यामागील विचार पाहा. मोटारीत बसलेल्या मनुष्याला, ज्याचे पाय विसावलेले आहेत, त्याला सपाट जमीन. आणि पायी चालणाऱ्याला, ज्याच्या हातात पिशवी आहे व कडेवर मूल आहे, त्याला दोन मजले जिने. मुंबईत होणाऱ्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात. म्हणजे जिना चढावयास लावले ते बहुसंख्याकांना. याच्या उलट दिशेचेही काही प्रयोग झाले आहेत. मालाडच्या मीठ चौकीवर २०१९ च्या सुमारास काही काळ रंगाचे पट्टे व अडथळे मांडून चौकाचा आकार बदलण्यात आला, जेणेकरून वळणाऱ्या गाडीस वेग कमी करावा लागावा आणि पायी चालणाऱ्यास ओलांडावयाचे अंतर थोडे उरावे. थोडासा रंग आणि काही अडथळे, एवढेच साहित्य. वेगाचे महत्त्व किती हे शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे: वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. तीस किलोमीटरच्या वेगाने आलेल्या मोटारीखाली सापडलेला मनुष्य बहुधा वाचतो. साठाच्या वेगापुढे क्वचितच.

आता थोडे आपल्या घरांकडे वळू, कारण या मासिकाचे वाचक रस्ते बांधीत नसले तरी रस्त्यांवर गाड्या पाठवितात. अठरा वर्षे पुरी न झालेल्या चिरंजिवांस शिकवणीला जावयास दुचाकी घेऊन देणारे वडील आमच्या परिचयाचे आहेत, वाचकांच्याही असतील. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात असे कलम आहे की, अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अगर मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड व्हावा. येथे कायदा स्मृतीच्या 'मालकास दंड' या तत्त्वापाशी पुन्हा आला. हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांहून अधिक माणसे एकट्या २०२२ साली देशात मेली. त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेली होती, आणि त्यांत आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे स्त्रिया किती असतील याची कल्पना करावी. पुरुष स्वतः हेल्मेट घालून पत्नीस उघड्या डोक्याने मागे बसवितो, हे दृश्य आम्ही रोज पाहतो. दंड त्याला भरावा लागतो म्हणून त्याचे डोके झाकलेले! आणि काही मिनिटांत घरपोच येणारी भाजी घेऊन जो मुलगा सिग्नल तोडून आपल्या दाराशी येतो, त्याच्या घाईचा कर्ता कोण ? 'जरा लवकर घ्या हो' असे रिक्षावाल्यास सांगणारे आपण, गाडीत बसलेल्यांस शंभर पण दंड करणाऱ्या त्या स्मृतीच्या तावडीतून अगदीच सुटलो आहोत असे म्हणवत नाही.

शेवटी कायद्याविषयी. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली आणि तेथे निजलेल्या मजुरांपैकी सात जण मेले. चालक मद्य प्यालेला होता. सत्र न्यायालयाने २००७ साली सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अपराध चालकाचा होता आणि शिक्षा झाली ती अधिक झाली असे कोणी म्हणणार नाही. परंतु निकालातच एक साधी माहिती आहे: ते मजूर रस्त्याच्याच कामावर होते, आणि त्यांच्या राहण्याच्या झोपड्या पदपथावर उभारलेल्या होत्या. रस्ता बांधणाऱ्याने आपली माणसे रस्त्याच्या कडेला का निजविली, हा प्रश्न तीन न्यायालयांपैकी एकापुढेही नव्हता. तो तेथे असण्याचे कारणही नव्हते. आरोपी एकच होता आणि न्यायालय समोरच्या आरोपीचाच न्याय करते.

नव्या न्यायसंहितेने, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढविली. कर्त्याकडे आमचे लक्ष असे वाढते आहे. अधिष्ठानाकडे कायद्याने प्रथम पाहिले ते मोटार वाहन कायद्यातील १९८-अ या कलमाने, तेही २०१९ सालीच. रस्त्याची आखणी, बांधणी अगर देखभाल ठरविलेल्या मानाप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेला वा अपंग झाला तर जबाबदार अधिकारी, कंत्राटदार वा सल्लागार यांस दंड करता येतो. दंडाची कमाल मर्यादा एक लक्ष रुपये आहे. कैद नाही. तरीही कलम आहे, आणि जे लिहिलेले आहे त्याची आठवण करून देता येते.

आमच्या विद्यार्थ्यांनी चौदा व एकतीस सेकंदांचा तो तक्ता, चौकाचा नकाशा आणि या कलमाची प्रत अशी तीन कागदे जोडून संबंधित कार्यालयास अर्ज केला. अर्जाची पोच आली आहे. तीवर 'पुढील कार्यवाहीसाठी वाहतूक शाखेकडे पाठविला' असा शेरा आहे. वाहतूक शाखेने तो 'रस्त्याच्या मालकाकडे' पाठविला आहे; आणि त्या रस्त्याचा मालक कोण, याविषयी दोन कार्यालयांत सध्या पत्रव्यवहार चालू आहे.